सांगणारीचं नाव

ही २०१८-१९ सालची गोष्ट. दहावीच्या भाषांची तोंडी परीक्षा ज्या वर्षी बंद झाली आणि डहाणू-तलासरीची जमीन ज्या वर्षी हलायला लागली, तेच हे वर्ष. हिरकणी सावे बाईंच्या नोकरीचंही ते शेवटचं वर्ष. ३१ मे २०१९ ला त्या निवृत्त होणार होत्या.

बाई नरपडच्या. बत्तीस वर्षं रोज सकाळी त्या घरून डहाणूला येत आणि तिथून तलासरीची एस.टी. धरत. तलासरी तालुक्यातल्या त्या हायस्कूलात त्यांनी मराठी शिकवलं. शिकवलेल्या मुलींच्या मुली आता त्यांच्या वर्गात बसत होत्या, आणि बाईंना आयांची नावं मुलींच्या नावांआधी आठवत.

वर्ष सुरू झालं आणि कळलं, की भाषांचे तोंडीचे वीस गुण यंदापासून नाहीत. आजवर ऐंशीचा पेपर असे आणि वीस गुण शाळेच्या हातात. आता शंभरच्या शंभर कागदावर.

शिक्षकांच्या खोलीत त्यावरून बोलणं निघालं. नविन सर (नावच ते) गणिताचे, वर्षभरापूर्वी आलेले. मोबाइलमधून मान वर न करता ते म्हणाले, "बरंच झालं, बाई. तोंडीचे वीस म्हणजे लग्नातला आहेर होता. येईल त्याला सारखा."

"तुम्ही वाटत असाल आहेर. मी ऐकून घेते आणि मग देते."

"ऐकून? आणि सगळ्यांना अठरा?"

"तुमच्या लाडक्या जतीनला मी अकरा दिले होते. पाठ केलेलं घडाघडा म्हणत होता. मध्ये शिंक आली, तर परत पहिल्यापासून सुरू केलं त्यानं."

सगळे हसले. मुख्याध्यापक हरिश्चंद्र सरांनी चहाचा कप खाली ठेवला. "आता वाद घालून उपयोग काय? वरून आलंय ते."

"वरच्यांनी एकदा मुलांना विचारावं," बाई म्हणाल्या. "ज्याला पेपर हवा त्यानं पेपर द्यावा. ज्याला वर्षभराची वही आणि तोंडी हवी त्यानं ते द्यावं."

"आणि ज्याला दोन्ही नको त्यानं?" नविन सर म्हणाले.

"त्याला मुख्याध्यापक करा."

हरिश्चंद्र सरही हसले. माणूस वाईट नव्हता. शाळेचा निकाल चांगला लागावा आणि वरून कोणतंही पत्र येऊ नये, एवढंच त्याला हवं असे.

बाईंनी मात्र तो प्रश्न खरोखर वर्गात विचारला. मुलं मोठ्यानं म्हणाली, पेपर. पेपरात इकडंतिकडं बघता येतं, तोंडीला कोणाच्या तोंडात बघायचं? खिडकीजवळ बसलेल्या धाकलीनं हात वर केला. "बाई, माझ्या आजीची परीक्षा कोण घेतं?"

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. "तूच सांग."

"कोण नाय घेत. ती सांगते नि माणसं ऐकतात. लग्न लागलं म्हंजे ती पास."

धाकली लडक्या खरपडे ही उंबरपाड्याची. पाड्यातून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. तिची आजी सोनीबाई धवळेरी होती. वारल्यांच्या लग्नात लग्न लावते ती धवळेरी. सगळी गाणी, सगळा विधी तिच्या तोंडी असतो, कागद कुठंच नसतो. धाकली लहानपणापासून आजीच्या शेजारी बसून ते ऐकत आलेली. आई कमळी रोज सकाळी टेम्पोत बसून उंबरगावला पेनं भरायच्या कारखान्यात जाई. टेम्पोत आणखी एक जागा कधीही होऊ शकत होती. धाकली दहावी पास झाली, तर डहाणूच्या वसतिगृहात राहून अकरावीला जाणार होती. नाही झाली, तर टेम्पो होताच. हे बाईंना ठाऊक होतं, धाकलीला ठाऊक होतं, आणि कमळीनं तर मुलीसाठी कारखान्यात विचारूनही ठेवलं होतं.

आदल्या वर्षी, नववीला, बाईंनी मुलांना प्रकल्पाची वही करायला सांगितली होती. बाकीच्यांनी पुस्तकातली चित्रं कापून चिकटवली. धाकलीनं आजीची लग्नाची गाणी लिहून आणली, अर्थासकट, शंभर पानी वही भरून. पहिल्या पानावर तिनं लिहिलं होतं: मी धाकली, लडक्याची पोर, उंबरपाड्याची. हे मला माझ्या आजीनं दिलं. आजीला तिच्या मावशीनं दिलं, ती झरीची होती.

"हे पहिल्यांदा का लिहिलंस गो?" बाईंनी विचारलं होतं.

"आजी तसंच करते. सांगायच्या आधी आपलं नाव, आपला पाडा, नि कोणी दिलं त्याचं नाव. नाय घेतलं तं ती चोरी."

बाईंना ते इतकं आवडलं, की त्यांनी ते पान वर्गात वाचून दाखवलं. "बघा रे, सांगणाऱ्यानं असं सांगावं. आपण कोण, कुठले, कोणाकडून शिकलो. ज्याला नाव नाही त्याचं कोण ऐकणार?" वार्षिक तोंडीला धाकली समोर उभी राहिली, नाव-गाव सांगितलं, आजीचं नाव घेतलं आणि मग बोलली. बाईंनी तिला वीसपैकी एकोणीस दिले. उरलेला एक गुण का कापला, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. लेखीत ती जेमतेम होती. हात सावकाश चाले, बोललेलं अर्धं कागदावर उतरत नसे.

बाईंना तेव्हा स्वतःचं लहानपण आठवे. नरपडच्या शाळेत वर्षातून एकदा दिपोटी, म्हणजे शाळा तपासणारे साहेब, येत. त्या दिवशी शाळा सारवलेली, मुलांच्या डोक्याला तेल, गावातली चार मोठी माणसं ओसरीवर बसलेली. दिपोटींनी हिरकणीला उभं केलं आणि विचारलं, "बाळ, तुझं नाव काय? कोणाची तू?" तिनं बापाचं नाव सांगितलं, आईचंही सांगितलं. सगळे हसले, पण दिपोटी म्हणाले, "शाबास." मग त्यांनी कविता म्हणायला लावली. ती शाबासकी बाईंना सत्तावन्नाव्या वर्षीही ऐकू येत होती. त्या शाबासकीनंच त्या मास्तरीण झाल्या, असं त्या म्हणत. परीक्षा म्हणजे कोणीतरी समोर बसून आपलं नाव विचारतं, ही त्यांची समजूत तेव्हापासूनची.

नोव्हेंबरात भूकंपाचे धक्के सुरू झाले. पहिला आला तेव्हा भांडी वाजली. कोणाला वाटलं मोठा ट्रक गेला असेल. मग रोजच. भिंतींना भेगा गेल्या. पाड्यांवर माणसं घराबाहेर पालं टाकून राहायला लागली. फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला मोठा बसला, तेव्हा वर्गातली मुलं बाकं पाडून पळाली. त्यानंतर आईबाप मुलांना छपराखाली बसू देईनात, आणि हरिश्चंद्र सरांनी वर्ग मैदानातल्या चिंचेखाली भरवले.

बाकं नाहीत, मांडीवर वही धरायची, वाऱ्यानं पानं उडायची. लिहिण्याचा सराव असा त्या दिवसांत झालाच नाही. बाईंनी मग त्यांना जमत होतं ते केलं. प्रश्न विचारायचा आणि एकेकाला उठवून बोलायला लावायचं. धाकली या चिंचेखाली फुलली. पण लिहून आणायला सांगितलं, की तिचे चारच ओळींचे तुकडे.

"तोंडानं एवढं बोलतेस आणि कागदावर काय होतं तुला?" बाई एकदा वैतागल्या.

"कागद ऐकत नाय, बाई. कोणाला सांगू?"

तेव्हा बाईंनी ते वाक्य उच्चारलं. ते पुढं त्यांनी हजारदा परत गिळायचा प्रयत्न केला. "असं समज, की पेपर तपासणारे तुझ्यासमोर बसलेत. दिपोटी बसतात तसे. तोंडीला मला सांगत होतीस ना? अगदी तसंच त्यांना सांग. जसंच्या तसं लिही."

धाकलीचा चेहरा उजळला. दुसऱ्या दिवशी तिनं तीन पानं लिहून आणली. बाईंनी डहाणूच्या एस.टी.त उभ्या उभ्या ती वाचली. सुरुवातीलाच नाव, पाडा, आजी. ते नेहमीचंच म्हणून बाईंच्या डोळ्यांनी ते ओलांडलं. बत्तीस वर्षं दर मार्चात त्या वर्गाला सांगत आल्या होत्या, की उत्तरपत्रिकेत स्वतःचं नाव, गाव, शाळा, खूण काहीही लिहायचं नाही. पत्रसुद्धा प्रश्नात दिलेल्या नावानंच लिहायचं. त्या वर्षीही सांगितलं असेल. पण चिंचेखाली, वाऱ्यात, सगळ्यांना मिळून. धाकलीला वेगळं सांगायला हवं होतं, ते राहिलं.

१ मार्चला मराठीचा पेपर झाला. केंद्राच्या फाटकाशी धाकली हसत आली. "समारंभावर लिहायचं होतं, बाई. मी लग्नाचं लिहिलं. पुरवणी घेतली."

"पुरवणी! तू?"

"ते समोर बसले होते ना."

एप्रिलच्या शेवटी शाळेला पत्र आलं. हरिश्चंद्र सरांनी बाईंना खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. धाकली खरपडे हिनं उत्तरपत्रिकेत ओळख उघड केली. गैरप्रकार म्हणून नोंद. सुनावणीला हजर राहावं.

"तुमचंही नाव लिहिलंय तिनं," सर हळू आवाजात म्हणाले. "सावे बाईंनी शिकवलं, असं. बाई, महिन्याभरात सुटणार तुम्ही. तिच्याबरोबर जा, पण तिथं काही बोलू नका. शिक्षिकेनंच लिहायला सांगितलं असं झालं, तर परीक्षकाला खूण केली म्हणतील. चौकशी लागली तर तुमचे निवृत्तीचे कागद वर्षानुवर्षं पडून राहतील. शाळेचं नाव जाईल ते वेगळंच."

बाईंनी सुनावणीची तारीख टिपून घेतली.

बोर्डाच्या कचेरीत बाहेर लांब बाकडं होतं. त्यावर कॉपी करताना पकडलेली मुलं बापांसोबत बसली होती. धाकलीनं धुतलेला पंजाबी ड्रेस घातला होता आणि केसांना चापूनचोपून तेल लावलं होतं. कमळीला कारखान्यातून सुटी मिळाली नव्हती.

आत टेबलामागं दोन पुरुष आणि एक बाई. उत्तरपत्रिका उघडी होती, पहिल्या ओळींभोवती लाल पेन्सिलीचं वर्तुळ. त्या बाईंनी मोठ्यानं वाचलं: "'मी धाकली लडक्या खरपडे, उंबरपाड्याची. लग्नाचं हे सगळं मला माझी आजी सोनीबाई हिनं दिलं आणि लिहायला आमच्या सावे बाईंनी शिकवलं. त्यांना आठवून सांगते.' हे तू लिहिलंस?"

"हो."

"तपासणाऱ्याला तुझं नाव कळावं म्हणून?"

"हो. कळाया नको? कोण सांगतंय ते ऐकणाऱ्याला ठाव पाहिजे ना."

दोघं पुरुष एकमेकांकडं बघून हसले. वाचणाऱ्या बाई हसल्या नाहीत. "अगं, पेपरात नाव लिहिणं म्हणजे लबाडी धरतात. सूचना वाचली नाहीस?"

"नाव नाय घेतलं तं चोरी होते. आजी म्हणते."

"इथं उलटं आहे, बाळ." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे बघ. असं लिही म्हणून तुला कोणी सांगितलं होतं का? सांगितलं असेल तर बोल. मुलगी शिकवल्याप्रमाणं वागली, असं आम्हाला लिहिता येईल. निदान विचार करता येईल."

धाकलीनं मान वळवून हिरकणी बाईंकडं पाहिलं. रागानं नाही. वर्गात उत्तर येत असूनही बाईंनी खूण करावी म्हणून ती थांबे, तशी.

बाईंच्या मांडीवर पर्स होती आणि पर्सवर दोन्ही हात. पंखा गरगरत होता. एक वाक्य बोलायचं होतं: मी सांगितलं. एवढंच. तोंडी परीक्षा घेण्यात ज्यांची हयात गेली, त्या बाईंना तोंड उघडता आलं नाही.

"कोणी नाय," धाकली म्हणाली. "आमची रीत हाय ती."

"बाई, तुम्हाला काही सांगायचंय?"

"मुलगी प्रामाणिक आहे," हिरकणी बाई म्हणाल्या आणि थांबल्या.

डहाणूला परत आल्यावर धाकलीनं स्टेशनबाहेर ताडगोळे घेतले. एक सोलून बाईंच्या हातात ठेवला. बाईंच्या बोटांवरून पाणी ओघळलं.

"तुमचं नाव नाय घेतलं मी, बाई."

"माहीत आहे गो."

"कागदावर घेतलं तेवढं बस झालं." ती हे टोचून बोलली, की धीर द्यायला, ते बाईंना आजतागायत कळलेलं नाही.

निकाल जूनमध्ये लागला. इतर सगळ्या विषयांत धाकली काठावर का होईना, पण पास होती. मराठीचा पेपर रद्द. ज्या एका विषयात ती खरोखर बोलली होती, तेवढाच गेला.

बाई तोवर निवृत्त झाल्या होत्या. निरोपाच्या शालीची घडीही न मोडता त्या उंबरपाड्याला गेल्या. सोनीबाई दारात बसून भाताचं बी निवडत होती. तिनं सूप बाजूला केलं, पाणी दिलं.

"तुमच्या शाळेत नाव लपवून सांगतात?"

"परीक्षेत हो, आजी."

"मंग ऐकणाऱ्याला खरं कसं वाटतं?"

बाईंनी पाणी पिऊन घेतलं. मग त्यांनी धाकलीला जुलैच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायला लावला, स्वतः जाऊन. पाच दिवस रोज येऊन शिकवलं. शेवटच्या दिवशी हात धरून म्हणाल्या, "या खेपेला नाव लिहायचं नाही. तुझं नाही, आजीचं नाही, माझं नाही. कोणाचंच नाही. समजलं?"

"समजलं."

"आणि समोर कोणी बसलेलं नसतं. कागदच असतो नुसता."

"बरं, बाई."

ऑगस्टमध्ये हरिश्चंद्र सरांचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. "बाई, आजचं वर्तमानपत्र बघितलं? तोंडीचे वीस परत आले! या वर्षीच्या मुलांपासून. निकाल पडला ना राज्याचा, म्हणून. तुमचंच खरं झालं!"

"आणि मागच्या वर्षीच्यांचं?"

"त्यांचं काय? त्यांचं झालं ते झालं."

त्याच महिन्याच्या शेवटी फेरपरीक्षेचा निकाल लागला. धाकलीला मराठीत बावीस. बाई पुन्हा पाड्यावर गेल्या, तेव्हा धाकली टेम्पोतून उतरत होती, आईच्या मागून. बोटांना निळी शाई लागली होती.

"निबंध कसा लिहिला होतास?"

"नाय लिहिला."

"विषय आला नाही?"

"आला. गावच्या जत्रेचा होता. सगळं ठाव होतं." ती बोटं ओढणीला पुसत राहिली. शाई जात नव्हती. "नाव न घेता लिहवेना, बाई. हातच चालेना. पानं तशीच ठेवली."

कमळी म्हणाली, "बाई, च्या घेऊन जा." बाईंनी चहा घेतला.

पुढं हरिश्चंद्र सर त्याच शाळेतून निवृत्त झाले. शेवटच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला, त्याची पाटी फाटकावर आहे. नविन सर बदली घेऊन पालघरकडं गेले. तोंडीचे गुण ते आता सगळ्यांना अठरा देतात, असं ऐकलं. सोनीबाई दोन वर्षांनी गेली. शेवटी शेवटी तिच्याकडून गाणी घ्यायला शेजारी बसणारं कोणी नव्हतं; धाकलीला टेम्पो पहाटे असे, आणि घरी आल्यावर डोळे मिटत. कमळी अजून कारखान्यात जाते. धाकलीचं लग्न उधव्याला झालं. लग्न लावायला धवळेरी दुसऱ्या गावची आणली होती, आणि तिला निम्मी गाणी येत होती. उरलेली धाकलीला येत होती, पण नवरीनं आपल्या लग्नात गायचं नसतं. लग्नानंतरही ती कारखान्यातच आहे.

हिरकणी बाई नरपडला चिकूच्या वाडीत असतात. निवृत्तीचे कागद वेळेत झाले, कुठं अडलं नाही. शिकवणीला गावातली मुलं येतात. बाई त्यांना लिहायला लावतात, बोलायला लावत नाहीत. धाकलीची नववीची वही त्यांच्याकडंच राहिली. परत द्यायची होती. दर पावसाळ्यात त्या ती कपाटातून काढतात, कसर लागली का बघतात आणि पहिलं पान न उघडता परत ठेवतात.